दोन वर्षांच्या बालकाची प्रयोगशाळा

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात वसलेले प्रतापगड हे गाव डोंगरावरील जुन्या किल्ल्यामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे साऱ्या झाडीपट्टीत परिचित आहे. यात्रा म्हटली की खेळण्यांची दुकाने आलीच. लेकुरवाळे कुटुंब यात्रेतून सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. खुळखुळा, शिट्टी, चाकांची गाडी, काही ना काही घरी येतेच. दोन दिवसांत ते खेळणे कोपऱ्यात पडते आणि दीड-दोन वर्षांचे मूल त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्याशी, तांब्यावरच्या झाकणाशी किंवा आजीच्या सुपाशी तासभर रमलेले दिसते. घरातील मंडळींना याचे हसू येते. क्वचित पैसे वाया गेल्याची चुटपुटही लागते. परंतु बालकाची निवड चुकलेली नसते. गाडी एकच गोष्ट करते. झाकण मात्र फिरते, वाजते, बसते, निसटते, पाण्यावर तरंगते आणि पाणी भरल्यावर बुडतेही. शोध घेऊ पाहणाऱ्यास अशी वस्तू अधिक मोलाची वाटावी, यात नवल नाही.

शिक्षण म्हणजे शाळा आणि विज्ञान म्हणजे पाचवी-सहावीच्या पुस्तकातील विषय, अशी समजूत अद्याप बरीच दृढ आहे. बालशिक्षणाचा विचार झालाच तर तो अंगणवाडीत तिसऱ्या वर्षी दाखल होणाऱ्या मुलापासून सुरू होतो. त्यापूर्वीची तीन वर्षे दूध, लस आणि वजन यांच्या हिशेबात संपतात. हा हिशेब आवश्यकच आहे. पण तो अपुरा आहे. जन्मसमयी मानवी मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या सुमारे एकचतुर्थांश असते आणि तिसरे वर्ष पुरे होईपर्यंत ते जवळजवळ चारपंचमांशावर पोहोचते. मेंदूतील पेशींचे परस्परांशी असलेले धागे या काळात विलक्षण वेगाने जुळतात. जे धागे वापरात येतात ते टिकतात, जे येत नाहीत ते विरतात. हा वापर घडतो तो पाहणे, ऐकणे, हात लावणे, चाखणे, हुंगणे आणि हालचाल करणे यांतूनच.

हट्ट नव्हे, पडताळा

नऊ-दहा महिन्यांचे मूल वाटी खाली टाकते. आई ती उचलून देते. मूल पुन्हा टाकते. पाचव्या वेळी आईचा संयम सुटतो आणि मुलाच्या माथी हट्टीपणाचा शिक्का बसतो. वस्तुत: मूल प्रत्येक वेळी काहीतरी तपासत असते. वाटी दर वेळी खालीच जाते काय? कापड टाकले तर असाच आवाज होतो काय? आई प्रत्येक वेळी उचलून देते काय? यांपैकी पहिले दोन प्रश्न पदार्थविज्ञानाचे आहेत, तिसरा मानसशास्त्राचा.

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी स्वत:च्या तीन मुलांच्या बाल्यातील वर्तनाची बारकाईने नोंद ठेवली आणि तिच्या आधारे बालबुद्धीच्या विकासाचे टप्पे मांडले. जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंतच्या टप्प्यात मूल हाताने आणि तोंडाने विचार करते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. टोपलीखाली झाकलेला चेंडू दिसेनासा झाला तरी तो नाहीसा झालेला नाही, हे कळणे ही या काळातील मोठी झेप होय. पुढील संशोधकांनी पियाजे यांच्या काही अनुमानांना मुरड घातली. अर्भकांना ते मानत त्याहून अधिक आणि लवकर कळते, असे दाखवून दिले. तथापि लहान मूल हे मातीच्या गोळ्यासारखे निष्क्रिय नसून स्वत: प्रयोग करणारे आहे, ही मूळ दृष्टी कायम राहिली आहे.

आपल्याकडील बाळाचे पारंपरिक खेळ पाहिले तर हेच ज्ञान तेथे निराळ्या वेशात आढळते. पदराआड तोंड लपवून ‘भोऽऽ’ करणे, तळहातावर बोट फिरवीत चिमणीचे घर शोधणे, मुठी उघडून-मिटून दाखविणे यांत दिसणे आणि असणे यांतील फरक, स्पर्श आणि लय यांचे शिक्षण सहज होते. त्याला कोणी विज्ञान म्हटले नाही, एवढेच.

बोर्डी आणि कोसबाडचा धडा

घरातील आणि निसर्गातील वस्तूंतून बालशिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी गरीब वस्तीतील मुलांसाठी बालगृह उघडले आणि इंद्रियशिक्षणाची एक शास्त्रशुद्ध पद्धती उभी केली. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी ती पद्धती भारतीय वातावरणात आणली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी गिजुभाईंसमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. माँटेसरी पद्धतीची साधने मात्र महाग होती. शहरातील सुस्थित पालकांच्या मुलांपलीकडे ती जाऊ शकत नव्हती. ताराबाईंना ही मर्यादा सतत बोचत होती.

१९४५ साली त्यांनी बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथे अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. आणि येथेच महत्त्वाचा पालट घडला. विकत आणावयाच्या साधनांची जागा खडे, शंख-शिंपले, पाने आणि बिया यांनी घेतली. लहान-मोठे, जड-हलके, खडबडीत-गुळगुळीत हा भेद शिकविण्यास परदेशी लाकडी ठोकळाच हवा असे नाही, समुद्रावरचे शिंपलेही तेच काम करतात, हे या दोघींनी प्रत्यक्ष दाखवून दिले. वस्तीतील मुले केंद्रात येत नाहीत असे दिसताच केंद्रच त्यांच्या अंगणात नेण्यात आले. ‘अंगणवाडी’ हा शब्द या खटपटीतून जन्मास आला. १९५७ मध्ये कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांमध्ये रुजले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री हा सन्मान लाभला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या गावपातळीवरील केंद्रास अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशभर बोलला जाणारा हा शब्द मराठी आहे, याचे स्मरण मराठी कार्यकर्त्यांना क्वचितच असते.

बोर्डी-कोसबाडचे प्रयोग बहुतांशी अडीच-तीन वर्षांपुढील मुलांसाठी होते. त्यांची दृष्टी तशीच ठेवून, वस्तूंची निवड अधिक सावधपणे करून, तेच तत्त्व एक ते तीन वर्षांच्या बालकासाठी घरात योजता येते.

धानाच्या मुलखातील साहित्य

प्रतापगडचा परिसर धानाचा. बांधी, बोडी, तणस, कोंडा, सूप, टोपली हे येथील घराचे रोजचे शब्द. दोन वर्षांच्या मुलास लागणारे बहुतेक साहित्य या शब्दांतच आले.

पाण्यापासून आरंभ करावा, कारण त्याइतके आज्ञाधारक आणि तरीही दर वेळी नवे वाटणारे खेळणे नाही. पसरट परातीत चार बोटे पाणी, एक वाटी, एक लाकडी पळी, एक मोठा दगड, एक पळसाचे पान एवढे पुरे. मूल एकेक वस्तू सोडते. दगड तळाशी जातो, पान वर राहते, वाटी आधी तरंगते आणि कलली की बुडते. ‘का बुडाले?’ असा प्रश्न या वयाच्या मुलास विचारण्यात अर्थ नाही. ‘दगड बुडाला. पान तरंगले. आता पळी?’ एवढे बोलणे पुरे. पळी पाण्यात पडण्यापूर्वी मूल क्षणभर थांबते, त्या क्षणी ते अंदाज बांधत असते. पुढे हेच मूल शेतात उभे राहील तेव्हा वडील १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात धानाचे बियाणे टाकताना, वर तरंगणारे पोचट बी काढून टाकताना आणि तळाशी बसलेले भरदार बी पेरणीसाठी ठेवताना त्यास दिसतील. परातीतील खेळ आणि कृषी विभाग सांगत असलेली ही बीजप्रक्रिया यांचे तत्त्व एकच आहे.

सुपाचेही तसेच. आजी पाखडते तेव्हा कोंडा उडतो आणि दाणा राहतो. मुलास वेगळे छोटे सूप किंवा टोपली देऊन त्यात मुरमुरे आणि दोन-तीन मोठे लिंबू घालावेत. फुंकर मारली की मुरमुरे हलतात, लिंबू हलत नाही. पाखडण्याच्या जागेपासून मूल दूर बसवावे, कारण धानाचे कूस डोळ्यांत आणि घशात जाणे वाईट.

माती हा तर या भागाचा वारसाच म्हणावयास हवा. भंडारा-गोंदियाच्या प्रदेशात पाणी अडविण्याची विद्या कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. येथील शेकडो जुने तलाव तिची साक्ष देतात. अंगणात ओल्या मातीचा चिमुकला बांध घालून त्यात लोटीभर पाणी ओतणारे मूल तीच विद्या बोटांनी गिरवीत असते. बांध फुटतो, पाणी वाट काढते, मूल पुन्हा माती लावते. या वेळी मोठ्या माणसाने बांध ‘नीट’ करून देण्याचा मोह आवरावा. फुटलेला बांध मुलाला जे शिकवितो ते पक्का बांध शिकवीत नाही. माती मात्र जनावरांच्या गोठ्याजवळची नसावी आणि खेळ संपताच साबणाने हात धुवावेत. जंतांचा प्रादुर्भाव मातीतूनच होतो.

रंगांचा खेळ स्वयंपाकघरात तयार असतो. हळदीचे पाणी पांढऱ्या फडक्यावर टाकावे आणि वर साबणाचे पाणी शिंपडावे. पिवळा डाग लाल होतो. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. कुंकू हळदीपासूनच होते, ही गोष्ट जुन्या पिढीतील स्त्रियांना ठाऊक होती. तिचे कारण आम्ल आणि अल्क यांच्या गुणधर्मांत आहे. मुलास आम्ल-अल्क कळण्याची गरज नाही, रंग पालटतो हे आश्चर्य पुरेसे आहे. कुंकवासाठी वापरतात तो चुना मात्र बालकाजवळ आणू नये, डोळ्यास तो भयंकर घातक. फाल्गुनात पळस फुलला की त्याची फुले कोमट पाण्यात कुस्करून केशरी पाणी करता येते. त्याच सुमारास मोहफुले पडू लागतात. त्यांचा दरवळ, ओव्याचा उग्र वास, कढीपत्त्याचे चुरगाळलेले पान यांतून नाकाचे शिक्षण होते, ज्याकडे पुस्तकी शिक्षण कधी वळत नाही.

आणि संध्याकाळी भिंतीवरची सावली. दिव्याजवळ हात नेला की सावली मोठी होते, दूर नेला की लहान. वीज गेली की मुलांची पंचाईत होते असे म्हणतात, पण या एका खेळापुरती ती सोयच ठरते.

जपावयाच्या गोष्टी

अशा लेखनात सुरक्षिततेचा उल्लेख शेवटी दोन ओळींत उरकण्याची प्रथा आहे. ती बरी नव्हे. ज्या वयात मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालून तपासते, त्या वयात साहित्याची निवड हाच खेळाचा पहिला भाग होय.

सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू मावते ती तीन वर्षांखालील बालकाच्या हाती देऊ नये, असा खेळण्यांच्या सुरक्षिततेचा सर्वमान्य दंडक आहे. लहान मुलाचा घसा साधारण तेवढाच असतो. चिंचोका, सीताफळाची बी, शेंगदाणा, फुटाणा, मणी, नाणे हे सारे त्या नळीत सहज मावते. म्हणून मोजण्यासाठी, निवडण्यासाठी बिया द्यावयाच्या त्या तीन वर्षांनंतर आणि त्याही नजरेसमोर. धाकट्यांसाठी बटाटा, लिंबू, वांगे, वाटी, मोठा गोटा, कणकेचा गोळा हे उत्तम.

जंगलालगतच्या गावांत आणखी एक धोका असतो. कुंपणावर चढणाऱ्या वेलीची तांबडी, काळ्या ठिपक्याची गुंज मुलांना मोहविते. ती चावली गेल्यास प्राणघातक ठरू शकते. एरंड, धोतरा आणि चंद्रज्योत यांच्या बियाही विषारी आहेत. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन मुलांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत. निसर्गातील वस्तू द्याव्यात याचा अर्थ निसर्गातील कोणतीही वस्तू द्यावी, असा नाही.

पाण्याबाबत तर अधिकच दक्षता हवी. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकून ते उलटे पडले तर स्वत:हून बाहेर येऊ शकत नाही. वीतभर पाणीही जीव घेऊ शकते. परातीतील खेळ संपला की पाणी लगेच झाडांना घालावे, भरलेली बादली झाकावी. ज्या गावात घरामागे बोडी आणि शिवारात तलाव आहे, तेथे पाण्याची गोडी लागलेले मूल एकटे सोडणे म्हणजे अपघातास निमंत्रण होय. पाण्याचा खेळ आणि मोठ्या माणसाची जागती नजर या दोन गोष्टी एकमेकींपासून कधीच सुट्या करू नयेत.

विकतच्या खेळण्यांविषयी एवढे नोंदविणे आवश्यक आहे की, केंद्र शासनाच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे. यात्रेतील दुकानात ते चिन्ह पाहून घेण्याची सवय लागावयास हवी. गोल चपट्या बॅटरीवर चालणारी खेळणी तर लहान मुलाच्या घरात नसलेलीच बरी. अशी बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिका थोड्याच तासांत भाजून निघते.

एक तास, दोन वर्षे

या साऱ्याचा प्रत्यक्ष उपयोग किती, असा प्रश्न पंचायतीच्या सभेत कोणी विचारल्यास तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर जमैका या बेटाने दिले आहे. तेथील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये नऊ ते चोवीस महिने वयाच्या, उंचीने खुरटलेल्या १२९ बालकांची निवड करण्यात आली आणि त्यांचे चार गट पाडण्यात आले. एका गटास दर आठवड्यास दुधाची भुकटी मिळाली. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एक तास जाई आणि घरच्या घरी केलेल्या खेळण्यांनी आईस मुलाबरोबर खेळावयास, बोलावयास शिकवी. तिसऱ्यास दोन्ही मिळाले, चौथ्यास काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. सुमारे वीस वर्षांनंतर त्या मुलांचा शोध घेतला गेला, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोहोचला होता त्यांची कमाई तो न पोहोचलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. केवळ पूरक आहाराचा असा दीर्घकालीन परिणाम दिसला नाही. यावरून आहार गौण ठरत नाही. पण आहाराबरोबर दुसरे काहीतरी लागते, हे निर्विवाद ठरते. त्या खेळण्यांसाठी तेथे रिकाम्या बाटल्या, खोकी आणि कापडाचे तुकडे वापरले गेले होते. कार्यकर्त्या उच्चविद्याविभूषित नव्हत्या.

आपल्या व्यवस्थेत अशी भेट देणाऱ्या व्यक्ती आजही आहेत. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळतो आणि सेविकेच्या गृहभेटी अपेक्षित असतात. २०१८ पासून आशा कार्यकर्ती बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जाते. माता व बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे छापलेले असतात. केंद्र शासनाने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे या वयोगटासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा प्रसिद्ध केला असून त्यात महिनावार १४० कृती सुचविल्या आहेत. साधने आहेत, माणसे आहेत. पण गृहभेटीचा वेळ बहुधा वजन, नोंदवही आणि मोबाईलवरील माहिती भरणे यांत जातो. त्यातील दहा मिनिटे परात, वाटी आणि पानासाठी राखता आली तर नवीन योजना मागण्याची गरज नाही. पर्यवेक्षिकेने भेटीच्या वेळी ‘वजन किती?’ याबरोबर ‘मूल कशाशी खेळते?’ असेही विचारावे.

ग्रामपंचायतींना स्वत:च्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. ती अनेकदा वर्षअखेरीस घाईने खुर्च्या, सतरंज्या यांवर खर्ची पडते. त्यातून अंगणवाडीच्या आवारात सावलीचा मांडव, कुंपण आणि वाळूचा हौद करता येईल. तीन वर्षांखालील मुलांसाठी आठवड्यातून एक दुपार तेथे माता-आजींचा मेळावा भरविता येईल. यात्रेच्या काळात पंचायतीने एखादा फलक लावून गुंज-चंद्रज्योतीची ओळख आणि मानक चिन्हाची माहिती दिली तरी पुष्कळ काम होईल.

सर्वांत अवघड काळ रोवणीचा. आषाढ-श्रावणात पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत बायका बांधीत वाकलेल्या असतात. मूल आजीजवळ तरी असते किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. तेंदूपत्त्याच्या हंगामातही तीच स्थिती. म्हणून या विषयाचे शिक्षण केवळ आईला देऊन भागत नाही. ते आजीला आणि त्या बहिणीलाही दिले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकांना येथे मोठा वाव आहे. दुसरी-तिसरीतील मुलींना आणि मुलांनाही धाकट्या भावंडाशी खेळावयाचे चार खेळ, न द्यावयाच्या चार वस्तू आणि तलावाजवळ घ्यावयाची काळजी शिकविली तर ते शाळेतून थेट घरी पोहोचते.

आणि हे सारे बोलावयाचे ते घरच्या भाषेत. झाडीबोलीत किंवा गोंडीत बोलणाऱ्या आजीने प्रमाण मराठी शब्दांसाठी अडखळू नये. बुडाले, तरंगले, जड, हलके यांसाठी तिच्या तोंडी जो शब्द सहज येतो तोच बालकास प्रथम मिळावा. पुस्तकातील शब्द त्यास पुढे शाळेत भेटणारच आहे, आणि तोपर्यंत त्या शब्दामागील वस्तू त्याच्या हातून अनेकदा गेलेली असेल.